भूपातला षड्ज आणि एक ईएल८४

सदाशिव पेठेत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक रेडिओ पाठ उघडी करून ठेवलेला होता. मागचा पुठ्ठा बाजूला काढलेला, आत धुळीचा मऊ थर आणि त्या धुळीत पाच-सहा व्हॉल्व्ह उभे. शेवटचा व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा जाड. त्याच्याकडून निघालेल्या दोन वायरी काडेपेटीहून थोड्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरात शिरत होत्या आणि तो ट्रान्सफॉर्मर स्पीकरच्या पत्र्यावरच स्क्रूने बसवलेला होता. काकांनी बटण फिरवलं. अर्धं मिनिट काहीच नाही. मग हिरवा डोळा सावकाश उघडला, बारीक गुणगुण आली आणि तिच्यामागून पुणे केंद्र.

"हा ईएल८४," शेवटच्या काचेकडे बोट करत काका म्हणाले. "गीतरामायण लोकांनी ह्याच्यातनं ऐकलंय. ह्याच्यातनं, नाहीतर ह्याच्या भावकीतल्या कुणातनं."

घरच्या स्पीकरसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. फोनवर तीन अ‍ॅम्पचे फोटो होते. ते त्यांनी बघितलेच नाहीत. "स्पीकर कोणते तुमचे? किती डेसिबलचे? खोली केवढी?" एवढं विचारून ते पुन्हा सोल्डरिंगला लागले. "अ‍ॅम्प मग बघू."

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला तिथून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. दर आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून ती ५६ झाली. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. गाणाऱ्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकत आलो. त्या आवाजाचा प्रवास मात्र कुणी फारसा सांगत नाही. स्टुडिओतले अ‍ॅम्प्लिफायर, प्रक्षेपकातल्या मोठ्या नळ्या, वाड्यातल्या रेडिओतला शेवटचा व्हॉल्व्ह, असा तो सगळा काचेतून झाला. गायकाच्या ओठांपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत कुठेही ट्रान्झिस्टर नव्हता. पुण्याच्या एका पिढीचा कान या आवाजावर तयार झाला आणि त्यांच्या मुलांना 'व्हॉल्व्हचा गोडवा' हा शब्द घरातूनच मिळाला.

या गोडव्याबद्दल आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पैसे घालवणारे बहुतेक लोक इथेच चुकतात. मीडियम वेव्हवरून चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही घरापर्यंत पोचत नसे. पुढे सहा-आठ इंची कागदी कोन, मागून मोकळी लाकडी पेटी. आवाजाची धार प्रक्षेपणातच गळून गेलेली असायची आणि पेटी त्यात स्वतःची ऊब घालायची. आपल्या आठवणीतला गोडवा बराचसा या दोघांचा आहे. आजचा नीट बांधलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर २० हजार हर्ट्झपर्यंत सरळ चालतो, टाळाची किणकिण पूर्ण देतो, खराब रेकॉर्डची खरखरही पूर्ण देतो. आजोबांचा रेडिओ हवा असेल तर तो रेडिओच दुरुस्त करून घ्यावा. माझ्या मते पुण्यात त्याहून चांगला खर्च नाही. अ‍ॅम्प घ्यायचा तो वेगळ्या कारणासाठी. ते कारण मला एरंडवण्यातल्या एका स्नेह्यांकडे सापडलं.

त्यांच्याकडचा अ‍ॅम्प दिसायला अगदी साधा. दोन्ही बाजूंना एकेक ईएल८४, पुढे एक ईसीसी८३, मागे लोखंडाचे तीन ठोकळे. प्रत्येक बाजूला जेमतेम ५ वॅट. स्पीकर मात्र कंबरेएवढे उंच, ९५ डेसिबलचे, हलक्या कागदी कोनाचे. त्यांनी एचएमव्हीची रेकॉर्ड लावली. फडक्यांनी पुढे सगळं गीतरामायण एकट्याच्या आवाजात गायलं, त्यातलं पहिलं गीत. लव आणि कुश रामासमोर रामाचीच कथा गाताहेत आणि राम ऐकतो आहे. गाणाऱ्या मुलांना समोर कोण बसलंय ते ठाऊक नाही, आणि ऐकणाऱ्याला गाणारे कोण ते. ५६ गीतांची ही माळ गदिमांनी एका श्रोत्यापासून सुरू केली, याकडे माझं त्या दिवसापर्यंत लक्षच गेलं नव्हतं. लक्ष गेलं ते आवाज अंगावर न येता समोर बसल्यासारखा आला म्हणून. गीत ऐकणाऱ्याचं आहे, गाणारा त्याच्यासाठी जागा सोडून गातो आहे, हे कानाला कळलं.

'श्रीराम' या शब्दातला 'श्र' घ्या. फडक्यांच्या उच्चाराचं कौतुक सगळेच करतात. पण तो 'श्र' त्यांच्या तोंडात कसा तयार होतो ते मी तोवर ऐकलेलं नव्हतं. घरी 'श'ची शिट्टी आधी सुटायची आणि 'र' तिच्या मागून यायचा. इथे जीभ टाळूकडे जातानाच 'र' दिसायला लागला होता. अक्षर जोडाक्षरासारखं वाजलं. मग 'म' मिटला, आणि मिटल्यावरही ओठांच्या आत नाद थोडा वेळ राहिला. हे रेकॉर्डमध्ये होतंच. माझ्या घरी ते कुठेतरी बुजत होतं.

आता षड्जाकडे येऊ. गीत भूपातलं आहे: सा, रे, ग, प, ध. एकट्या ईएल८४ ला थोडं काम दिलं की तो मूळ स्वरात स्वतःची भर घालतो, आणि ती भर मुख्यतः दुप्पट कंपनांची असते. दुप्पट म्हणजे वरचा सा. तिप्पट असेल तर तार सप्तकातला पंचम. पाचपट असेल तर त्याच्याही वरचा गंधार, जो तंबोरा नीट जुळला की न छेडता ऐकू येतो आणि ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. सा, प, ग: षड्जाच्या पोटातले हे तिन्ही स्वर भूपात आधीच नांदतात. यंत्राची चूक रागाच्या घरातच पडते. प्रयोगशाळेत या भरीला डिस्टॉर्शन म्हणतात आणि ते बरोबरच आहे. मूळ आवाजात जे नव्हतं ते त्यात आलेलं असतं. पण मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा तरी काय करतो? घोडीचा उतार असा घासतो, तारेखाली सुताचा दोरा असा सरकवतो, की साधी तार स्वतःचे स्वयंभू स्वर उघडे करून बोलू लागते. जवारी बंद असलेला तंबोरा सुरात असतो, तरी त्यावर गाता येत नाही. व्हॉल्व्हची भर जवारीच्या मानाने फारच थोडी, शंभरात एखादा भाग. पण जात तीच. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ती परकी वाटत नाही, आणि मला वाटतं आपल्या संगीताच्या श्रोत्याला व्हॉल्व्ह इतका लवकर का पटतो याचं उत्तर इथे आहे.

या भरीची दुसरी बाजूही त्याच खोलीत ऐकली. भरलेल्या वाद्यवृंदाची एक रेकॉर्ड लावली, तेव्हा चित्र गढुळलं. एक स्वर असेल तर त्याची दुप्पट त्याच्याशी जुळते. वीस वाद्यं एकदम आली की हाच वाकडेपणा त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार करतो आणि ते कुठल्याच रागात बसत नाहीत. एक गळा, एक पेटी, एक तबला यांना हा अ‍ॅम्प जीव लावतो. मोठ्या वृंदाला त्याचा श्वास पुरत नाही. आपण काय ऐकतो हे ठाऊक असल्याशिवाय व्हॉल्व्ह निवडू नये.

स्नेह्यांनी मोठ्या मनाने तो अ‍ॅम्प आठवडाभर नेऊ दिला. घरी माझे स्पीकर ८७ डेसिबलचे, ६ ओहमचे, पुस्तकाच्या कपाटात मावणारे. खोली ११ बाय १४ फुटांची, ऐकायची खुर्ची ९ फुटांवर. पहिल्या ओळी छान गेल्या. मग तबला सुरू झाला आणि डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकाच उंचीवर येऊन आदळायला लागला. तळहाताची मींड ऐकूच येईना. आवाज थोडा वाढवला तर गळ्यालाही धाप लागली.

काकांनी डेसिबल आधी का विचारले ते तेव्हा कळलं. ८७ डेसिबल म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दसपट केली की १०. म्हणजे ९५ आणि ८७ यांतलं ८ डेसिबलचं अंतर सहापटीहून जास्त शक्तीचं. स्नेह्यांच्या स्पीकरवर ५ वॅट जे करत होते ते माझ्या स्पीकरवर करायला ३२ वॅट लागले असते. घरात आपण सरासरी एक वॅटच्याही खालीच ऐकत असतो, हे खरं. पण तबल्याची थाप सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर उडी घेते, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभर पट. ती उडी घ्यायला जागा नसली की थाप चेपते. अ‍ॅम्पच्या जाहिरातीत वॅट मोठ्या अक्षरात छापतात. स्पीकरच्या मागे चिकटवलेला डेसिबलचा आकडा मात्र कुणी वाचत नाही, आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत निम्मा निर्णय तोच करतो.

डग्ग्याचं दुखणं निराळं होतं. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचं ओझं लागतं, आणि स्पीकर सहा-आठ ओहमचा. एकट्या ईएल८४ ला साधारण ५,००० ओहम मानवतात. त्याला ८ ओहमचा स्पीकर जोडायचा तर मध्ये २५ वेढ्यांस एक वेढा अशा प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर हवा. रेडिओतली ती काडेपेटी म्हणजे हाच ट्रान्सफॉर्मर. एकच व्हॉल्व्ह असला की त्याचा स्थिर प्रवाह एकाच दिशेने वेढ्यांतून सतत वाहतो, लोखंडाला चुंबक करून टाकतो, म्हणून गाभ्यात मुद्दाम फट ठेवावी लागते, आणि फट ठेवली की खर्जासाठी लोखंड आणखी लागतं. अशा एकट्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिंगल-एंडेड, चांगल्या अ‍ॅम्पमधला प्रत्येक ठोकळा दोन-दोन किलोचा असतो तो यासाठी. शिवाय अशा अ‍ॅम्पचा स्वतःचा अंतर्गत रोधही काही ओहम असतो. स्पीकरचा कोन आपल्या नैसर्गिक कंपनावर डोलू लागला की त्याला आवरायला पक्की पकड लागते. ती इथे सैल. कागदी कोनाच्या, हलक्या, पेटीत मोकळा श्वास घेणाऱ्या स्पीकरला सैल पकड चालते. माझ्या लहान पेटीतल्या जड कोनाला चालली नाही.

३००बी हे नाव या छंदात फार आदराने घेतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३० च्या दशकात काढलेला हा ट्रायोड, चित्रपटगृहांतल्या अ‍ॅम्प्लिफायरांतून घरात आला. एकटा असताना सुमारे ८ वॅट. मी तोही ऐकला, त्याच्यावर फडक्यांचा मंद्र असा आला की बोलावंसं वाटेना. पण ५ वरून ८ वॅट म्हणजे दोनच डेसिबल, आणि किंमत कितीतरी पट. माझ्या स्पीकरांचा प्रश्न तो सोडवत नव्हता.

काकांनी मग अ‍ॅम्प्लिफायरचा एक जुना नकाशा काढला. ब्रिटनच्या मुलार्ड कंपनीने १९५४ मध्ये लोकांना घरी बांधता यावा म्हणून दिलेला '५-१०'. पाच व्हॉल्व्ह, १० वॅट, म्हणून हे नाव. पहिला ईएफ८६, सूक्ष्म संकेत उचलणारा. मग ईसीसी८३: त्याच्या एका काचेत दोन ट्रायोड, आणि ते संकेताचे दोन तुकडे करतात, एक सुलटा, एक उलटा. पुढे दोन ईएल८४, समोरासमोर. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. पाचवा व्हॉल्व्ह डीसी वीज तयार करतो. कागदावर बोट फिरवत काका हे वाचून दाखवत होते तेव्हा मला ते सवाल-जवाबासारखं दिसलं: एकच बोल दोघांना, उलट अंगाने, आणि सम एकत्र. दोघांचे स्थिर प्रवाह लोखंडात एकमेकांना रद्द करतात, म्हणून फट लागत नाही आणि खर्ज मोकळा होतो. शेवटी आउटपुटचा थोडा अंश मागे आणून मूळ संकेताशी ताडून बघतात, त्याने अंतर्गत रोध उतरतो आणि पकड घट्ट होते.

यात एक गोष्ट जाते. समोरासमोरच्या जोडीत दुपटीची भर आपोआप कटून जाते. म्हणजे जिच्यासाठी मी इथवर आलो ती जवारीच बंद होते का? हा प्रश्न मला काही दिवस छळत होता. पुढे असा अ‍ॅम्प घरी आल्यावर कळलं की पूर्ण बंद होत नाही. पहिल्या व्हॉल्व्हची थोडी भर उरते, जोडी कधीच शंभर टक्के सारखी नसते, आणि मुख्य म्हणजे ताकद संपत आली की व्हॉल्व्ह आवाज एकदम कापत नाही, वळसा घेऊन थांबतो. षड्जावरची ती प्रभा थोडी कमी झाली, हे मी मान्य करतो. एरंडवण्यातला तो 'श्र' मात्र तसाच्या तसा घरी आला.

स्पीकर आणि अ‍ॅम्प एकमेकांसाठीच घडवावेत हा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाडने १९५३ मध्ये १५ वॅटचा क्वाड-२ काढला आणि १९५७ मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचा स्पीकर. दोघांची जोडी आजही लोक मोडत नाहीत. आपल्या पुण्यातही कॅडेन्स ऑडिओने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि साधा कोन एकत्र असलेले स्पीकर केले आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्पही. या शहरात हे काम झालं आहे, ही गोष्ट पुणेकरांनाच कमी ठाऊक आहे याचं वाईट वाटतं.

विजेचं एक सांगून टाकतो. बाहेरून आलेल्या कित्येक अ‍ॅम्पांचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असतो. आमच्याकडे रात्री मीटरवर २४५ दिसतात. मग ६.३ व्होल्टचा तापक थेट ७ वर जातो आणि व्हॉल्व्ह आयुष्याआधी थकतो. २३० किंवा २४० चा टॅप आहे का, हे आधी विचारावं. एरवी छोटे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकतात, शेवटचे काही हजार तास. रोज दोन तास ऐकलं तर वर्षाचे ७३० तास होतात, तेव्हा हिशोब घाबरण्यासारखा नाही. नवे ईएल८४ स्लोव्हाकिया आणि रशियातून येतात. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात किंवा एखाद्या रेडिओवाल्याच्या खोक्यात कधी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बीईएल छापलेले, न वापरलेले मिळतात. मिळाले तर घ्यावेत, पण टेस्टरवर तपासून. आणि दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाळाव्यात: स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधी चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तळाचं झाकण उघडू नये. आत तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बसून राहतात.

काकांनी त्याच नकाशावर दोन बाजूंचा अ‍ॅम्प बांधून दिला. चार ईएल८४, बीईएलचे. उचलताना दोन्ही हात लागले. घरी आणून मागच्या ८ ओहमच्या टोकांना वायरी लावल्या, कारण ६ हा आकडा मला ८ च्या जवळचा वाटला. पहिलं गीत लावलं. गळा समोर आला, जोडाक्षर आलं, पण डग्गा अजून थोडा फुगत होता. काकांना फोन केला.

"चारला लावून बघा," ते म्हणाले. "वॅट थोडे जातील. व्हॉल्व्हवरचं ओझं हलकं होईल आणि पकड वाढेल."

अ‍ॅम्प बंद केला, काचेतली लाली विझेपर्यंत थांबलो आणि दोन्ही वायरी एक-एक स्क्रू डावीकडे सरकवल्या. पुन्हा अर्धं मिनिट शांतता. मग तबला आला, आणि डग्ग्यावर तळहात पुढे सरकला तेव्हा स्वर खालून वर चढत गेलेला, त्याच्या सगळ्या पायऱ्यांसकट, ऐकू आला. फडके त्याच्यावर षड्ज लावून उभे होते. स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर आली. १९५५ साली ती सात वर्षांची होती. "हे रेडिओसारखं नाही वाजत," ती म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसली.